निखाऱ्यावरचा दगड



लातूर जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "मुलाने हैदराबादेत दगडावर भाजलेले मटण खाल्ले आणि आपल्याकडेही करू म्हणून पाथरवटाकडून एक जाड दगड घडवून आणला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी बोटे चाटून खाल्ले. दगड मात्र काळा आणि तेलकट झाला. मी दुसऱ्या दिवशी तो धुण्याच्या पावडरीने खसाखसा घासला आणि रात्रभर पाण्यात भिजत घातला. आता त्यावर काहीही भाजा, साबणाचा वास येतो. मुलगा म्हणतो, आईने दगड बिघडवला. दगडही बिघडतो का हो?"

बिघडतो. पण तो तुमच्या हातून बिघडला यात तुमचा दोष थोडा आणि सांगणाऱ्याचा जास्त. तवा, कढई, पातेले यांची निगा आपल्याला आईने शिकवलेली असते. दगडाची कोणी शिकवलेली नसते. मग आपण त्याला भांडे समजतो आणि भांड्यासारखा घासतो. तुमच्या वासाचा उपाय शेवटी सांगते. त्याआधी माझीच एक गोष्ट ऐका.

मी १९७४ साली लग्न होऊन या घरात आले. आमच्या आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, माहेर बिदरच्या बाजूचे. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यामुळे त्या बाजूच्या खाण्यापिण्याच्या रीती आपल्या घरांत पाझरलेल्या आहेत. हैदराबादेत 'पत्थर का गोश्त' म्हणून जो प्रकार करतात, तो ग्रॅनाइटच्या तापलेल्या लादीवर. आत्याबाईंनी तसाच एक दगड माहेराहून आणला होता. हातभर लांब, दीड वीत रुंद, अडीच बोटे जाड, आणि वर्षानुवर्षे तेल पिऊन काळा कुळकुळीत झालेला. मटण त्यावर वर्षातून चार-दोनदाच व्हायचे. एरवी वांग्याच्या चकत्या, कांदे, हिरव्या मिरच्या. मिरची दगडावर भाजली की तिचा ठसका कमी आणि वास जास्त, असे माझे मत आहे.

पहिल्याच आखाडात पाहुणे आले. दगड निखाऱ्यावर चढला, जेवणे झाली. नव्या सुनेने झटपट आवरलेले दिसावे म्हणून मी विहिरीच्या गार पाण्याची घागर उचलली आणि तापल्या दगडावर ओतली. तडाक् असा आवाज झाला, वाफेचा लोट उठला आणि दगडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली.

आत्याबाई धावत बाहेर आल्या. आधी माझे पाय पाहिले. "भाजलं न्हाई ना पोरी?" एवढेच म्हणाल्या. पण शेजारच्या दोघी-तिघी होत्या, त्यांना बोलायला विषय मिळाला. नवी सून घरात आली आणि चाळीस वर्षांचा दगड फुटला! पुढे त्याच साली आमची एक म्हैस गेली, तीही माझ्याच पायगुणावर गेली. मी किती वर्षे ते मनात धरून बसले होते, ते आता सांगायलाही लाज वाटते. दगड का फुटला हे त्या वेळी कोणी मला सांगितले असते, तर तेवढी वर्षे माझी मान खाली राहिली नसती.

कारण अगदी साधे आहे. तापले की दगड फुगतो, निवला की आकसतो. डोळ्यांना दिसणार नाही इतके थोडे, पण होते. दगडातून उष्णता फार सावकाश सरकते. वरून गार पाणी पडले की वरचा थर एकदम आकसतो, आतला तसाच फुगलेला राहतो. लोखंड अशा वेळी थोडे ताण खाते. दगड ताण खात नाही, तो चिरतो. यात पायगुण कुठे आला?

दुसरे कारण पाणीच, पण आत शिरलेले. कितीही टणक दगड असो, त्यात बारीक भेगा आणि छिद्रे असतातच. त्यांत पाणी मुरते. ओला दगड एकदम जाळावर ठेवला की आतल्या पाण्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. बाहेर पडायला वाट मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर दगडाची कपची उडते, कधी अख्खा दगडच फुटतो. म्हणून नदी-ओढ्यातला गोटा कितीही गुळगुळीत आणि स्वच्छ दिसो, चुलीला लावू नका आणि त्यावर भाजूही नका. तो वर्षानुवर्षे पाण्यात बसलेला असतो.

हे मी पुस्तकी सांगत नाही. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या पुतण्याच्या शेतात हुरड्याला सगळे जमले होते. आगटीत कणसे भाजणे चालले होते. पोरांनी ठरवले की वांगी आणि कांदे दगडावर भाजायचे. गोठ्याला घातलेल्या शहाबादी फरशीचा एक तुकडा बांधावर पडून होता. तीन धोंड्यांवर तो ठेवला, खाली तुराट्यांचा भडका केला. पंधरा मिनिटेही झाली नसतील. बार उडावा तसा आवाज झाला आणि फरशीचे पापुद्रे चारी दिशांना उडाले. पुतण्याच्या थोरल्या मुलीच्या भुवईवर एक कपची लागली, चार टाके पडले. बोटभर खाली लागली असती तर डोळा गेला असता. त्या दिवसापासून हा विषय सदरात घ्यायचा माझ्या मनात होते. भगिनींचे पत्र निमित्त झाले.

शहाबादी फरशी ही चुनखडीच्या जातीची. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या नावाने ती ओळखली जाते. ती थराथरांची असते, म्हणून तर तिच्या सरळ फरश्या निघतात. पण थरांच्या मधे ओल राहते आणि तापले की थर सुटतात. शिवाय चुनखडी भट्टीत भाजली की तिचा चुना होतो, हे तर आपल्या वाडवडिलांना ठाऊकच होते. अन्न ठेवायची ही जागा नव्हे. ओट्याला लावतात तो काळा कडप्पाही त्याच जातीचा. काळा आहे म्हणून तो पाषाणाइतका पक्का असेल असे समजू नका. ओळखायची एक सोपी युक्ती आहे. दगड खिळ्याने थोडा खरवडा, निघालेल्या भुकटीवर लिंबाचा रस पिळा. बारीक बुडबुडे आले तर ती चुनखडी. सिमेंटची लादी आणि विटेचे तुकडेही नकोत. घरबांधणीतून उरलेला चकचकीत ग्रॅनाइटचा तुकडाही नको. ग्रॅनाइट चांगला, पण त्या पॉलिश लाद्यांच्या भेगांत कारखान्यात राळेसारखे रसायन भरलेले असते. ते तापून अन्नात उतरावे असे कोणाला वाटेल?

मग चांगला दगड कोणता? खाणीतून निघालेला, पॉलिश न केलेला, एकसारख्या रंगाचा, जड, ठोकला तर खणखणीत वाजणारा. बद्द वाजला तर आत चीर आहे असे समजावे. जात्याला टाकी लावणारा पाथरवट हे एका टिचकीत सांगतो. आता घरोघरी जाती राहिली नाहीत आणि गावोगावचे पाथरवटही कमी झाले, पण कुठे असला तर त्यालाच विचारा. आपल्याकडचा काळा पाषाणही चालतो, मात्र तो भरीव हवा. विहीर खोदताना कधी पांढऱ्या-हिरवट स्फटिकांनी भरलेला काळा दगड निघतो, मुले ते खडे खेळायला आणतात. नाशिक, जळगाव, पुणे या भागांतले हे खडे जगभरच्या संग्रहांत मानाने ठेवलेले आहेत. पण तसा दगड चुलीवर नको. त्या खड्यांच्या घडणीतच पाणी असते. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असा खडा तापवला, तेव्हा त्यातून वाफ निघून तो उकळल्यासारखा दिसला. म्हणून त्याने त्याला 'उकळणारा दगड' या अर्थाचे ग्रीक नाव दिले. त्यालाच आज झिओलाइट म्हणतात.

हल्ली प्रदर्शनांत शंखजिऱ्याच्या दगडाचे तवे आणि कढया विकायला येतात. त्यांतले पुष्कळसे तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूचे. तिकडे अशा भांड्याला कल्चट्टी म्हणतात, कल म्हणजे दगड आणि चट्टी म्हणजे भांडे. हा दगड इतका मऊ की नखानेही ओरखडा उठतो, पण उष्णता फार चांगली सोसतो आणि धरूनही ठेवतो. आच बंद केल्यावरही कितीतरी वेळ भाजी त्यात शिजत राहते, म्हणून पदार्थ जरा आधीच उतरावा. याला लोखंडी उलथने लावू नका, लाकडी वापरा. नव्या भांड्याला तिकडच्या बायका हळद आणि एरंडेल चोळून काही दिवस ठेवतात, मग रोज भाताची कोमट पेज भरून मुरवतात. आठवडाभर हा सोहळा चालतो. तो टाळला आणि पहिल्याच दिवशी मोठ्या आचेवर ठेवले तर पैसे पाण्यात.

आपल्या भाजायच्या जाड दगडालाही असेच माणसाळवावे लागते. नवा आणला की साध्या पाण्याने आणि काथ्याने धुवून त्यातली भुकटी काढून टाका. मग आठ-दहा दिवस कोरड्या जागी, उन्हात आडवा-उभा करत वाळवा. पहिल्यांदा तापवताना खाली मूठ-दोन मूठ निखारे, बस. अर्धा तास. मुलांना लांब ठेवा आणि आपणही त्यावर वाकून पाहू नका. मग निखारे न हलवता तो तिथेच निवू द्या. दुसऱ्या दिवशी थोडे जास्त निखारे. तिसऱ्या दिवशी दगड हाताला सोसेल इतका कोमट असताना त्यावर जवसाच्या नाहीतर करडईच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्या. पुसून काढले नाही तर चिकट राप चढतो. ही तेले हवेने आणि उष्णतेने सुकून घट्ट पापुद्रा धरतात, जवसाचे तेल रंगात घालतात ते याच गुणासाठी. असे पाच-सहा वेळा झाले की दगड काळा होतो आणि मग अन्न चिकटत नाही. तुमच्या दगडाचा काळेपणा, ताई, हा मळ नव्हता, कमाई होती.

एक अपवाद आहे. ज्या दगडावर फक्त भाकरी, रोट असे कोरडे भाजायचे, त्याला तेल लावू नये. छिद्रांत बसलेले तेल नंतर खवट होते, धूर करते, आणि भाकरीला तो वास येतो. मटणाचा दगड आणि भाकरीचा दगड वेगळा.

भाजताना निखारा बाभळीचा हवा. तुराट्या-पळाट्यांचा जाळ भडकतो आणि विझतो, दगडाला ते सोसत नाही. निखारे सगळीकडे सारखे पसरा आणि दगड तापायला अर्धा-पाऊण तास द्या. तापला की नाही हे पाण्याचा थेंब टाकून पाहू नका. चिमूटभर ज्वारीचे पीठ टाका. सावकाश बदामी झाले तर दगड तयार, टाकताच काळे पडले तर थोडे निखारे ओढून घ्या. मसाला लावलेले मटण निथळून घ्या आणि फ्रिजमधले एकदम टाकू नका, तास-अर्धा तास बाहेर राहू द्या. गॅसवर हा दगड ठेवूच नका. आच मधोमध लागते आणि कडा गार राहतात, चीर पडायला तेवढे पुरते. काचेची शेगडी असेल तर दगडाखाली कोंडलेल्या उष्णतेने काचही फुटते.

आता मुख्य काम, साफ करण्याचे. खरे म्हणजे हे काम निम्मे विस्तवच करतो. भाजणे संपले की दगड उतरवायची घाई करू नका. उरलेल्या निखाऱ्यांवर तसाच राहू द्या. चिकटलेला मसाला कोळपून त्याचे खापट होते. पुढे दगड कोमट झाला की उलथन्याच्या धारेने ते खरवडून काढा, सहज निघते. मग मूठभर जाडे मीठ टाकून नारळाच्या शेंडीने घासा. मीठ चरबी ओढते आणि दगडाला ओरखडा पाडत नाही. चुलीची कोरडी चाळलेली राखही चांगली. राखेत क्षार असतो, तो चरबी सोडवतो, आपल्या आज्यांची भांडी त्यावरच लखलखत होती. मग कोरड्या फडक्याने झटका, वाटल्यास कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने एकदा पुसा, झाले. डाग राहिले तर राहू द्या. डाग म्हणजे घाण नव्हे. पुढच्या वेळी दगड पुन्हा चांगला तापणारच आहे.

तारेचा ब्रश मात्र नको. त्याचे बारीक तार तुटून दगडाच्या छिद्रात अडकतात आणि तिथून घासात जातात. घशात तार अडकली म्हणजे थेट दवाखाना.

दगड निवल्यावर दोघांनी मिळून उचला. हलवणे भागच पडले तर कोरड्या पोत्यात धरा. ओले पोते तापल्या दगडाला लागले की वाफेने हात भाजतात. जमिनीवर आडवा टाकू नका, खालून ओल चढते. भिंतीशी कडेवर उभा करा, खाली दोन लाकडी पट्ट्या, वरून फडके, नाहीतर चरबीच्या वासाला मुंग्या आणि उंदीर येतातच. पावसाळाभर पडून राहिलेला दगड दसऱ्याला काढलात तर तो नवा आहे असेच समजा. चार दिवस ऊन द्या, पहिल्या दिवशी मूठभर निखारे द्या, मग पुढचे.

चीर गेलेला दगड पुन्हा विस्तवावर ठेवू नये. सिमेंट, लांबी, बाजारातले डिंकासारखे पदार्थ, काहीही भरून तो सांधत नाही आणि ते सगळे अन्नाजवळ नकोच. आमच्या आत्याबाईंनी त्या फुटक्या दगडाचे दोन तुकडे विहिरीच्या पायरीला बसवले. पुढच्या महिन्यात त्या स्वतः पाथरवटाकडे गेल्या आणि नवा दगड आणला. त्या दगडाला पहिले तेल त्यांनी माझ्या हातून लावून घेतले, आणि ते शेजारच्या त्याच दोघींना बोलावून, त्यांच्यासमोर. त्या वेळी मला त्यातले काही कळले नाही. तो दगड अजून आमच्या घरात आहे.

तर आता लातूरच्या ताईंचा साबण. साबण छिद्रांत बसला आहे, तो पाण्यानेच काढावा लागेल. दगड पूर्ण गार असताना मोठ्या घमेल्यात साध्या पाण्यात बुडवून ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाणी बदला. हाताने खळबळवून पाहा, फेस येईनासा झाला की बाहेर काढा, बहुधा तीन-चार दिवस लागतील. आता दगड पाणी पिऊन बसला आहे हे विसरू नका. किमान पंधरा दिवस कोरड्या जागी आणि उन्हात वाळवा, मुलगा कितीही मागे लागला तरी. मग नव्या दगडासारखे पहिल्या दिवशी मूठभर निखारे, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी पूर्ण आच. त्या आचेत उरलासुरला वास जळेल. त्यानंतर तेलाचा पातळ हात.

मटण लगेच टाकू नका. कांद्याच्या दोन चकत्या भाजा. पहिली गुरांना नको, उकिरड्यावर टाका. दुसरी मुलाला खायला द्या आणि वास येतो का ते त्यालाच सांगू द्या. आला, तर आणखी एकदा पूर्ण आच द्या आणि मला पत्र टाका.